पावती कोणाच्या नावावर?

ठाण्याच्या खोपटात घराचे दोनच भाव ऐकू येतात, टॉवरमधला आणि चाळीतला. मधलं काही नाही. एसटी डेपोच्या आसपासच्या कुठल्याही इस्टेट एजंटाच्या दुकानात शिरा आणि ‘वीस-बावीस लाखांत काही आहे का’ असं विचारून पाहा. तो आधी खुर्ची पुढे सरकवेल आणि म्हणेल, “टिटवाळा चालेल का? बदलापूर?” तुम्ही उठायला लागलात की जरा आवाज खाली आणून, “नाहीतर मागच्या गल्लीत एक खोली आहे. नोटरीवर.”

ठाण्यात कमी पैशांत घर शोधणाऱ्याच्या वाट्याला बहुतेक वेळा हेच दोन पर्याय येतात. एका घराचे कागद आहेत, पण ते लांब आहे. दुसरं हाकेच्या अंतरावर आहे, पण त्याचे कागद नाहीत.

हे आपोआप झालेलं नाही. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत इथेच, वागळे इस्टेटमध्ये उभी राहिली. पोखरण रोडला रेमंड होती, कॅडबरी होती. कारखान्यांनी माणसं बोलावली. ती रात्री झोपणार कुठे, हा प्रश्न मात्र बहुतेकांनी आपला मानला नाही. तो जागामालकांनी सोडवला, चाळी बांधून. पुढे एकेक कारखाना बंद पडला आणि त्या जमिनींवर टॉवर आले. रेमंडच्या गिरणीच्या जागेवर आता रेमंडच्याच नावाचे टॉवर उभे आहेत. चाळी होत्या तिथेच राहिल्या, आणि चाळीतल्या पोरांना आता टॉवरही परवडत नाही नि चाळही पुरत नाही.

खालचा संवाद मी रचलेला आहे. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य खोपटात, उथळसरला, पाचपाखाडीत कुणी ना कुणी कुणाला तरी ऐकवत असतंच. आत्या खोपटच्या चाळीत १९९४ पासून राहते, पोळी-भाजीचे डबे करते. भाचा वागळे इस्टेटमधल्या एका पॅकेजिंग कंपनीत हिशेब लिहितो. त्याची बायको राममारुती रोडवर साडीच्या दुकानात आहे. दोघांचे मिळून महिन्याला बेचाळीस हजार येतात, साठवलेले पाच लाख आहेत आणि मुलगी तीन वर्षांची आहे.

*

आत्या : बारा लाखांत खोली मिळतेय, माझ्यापासून चार दारं सोडून. नळ आत, मोरी आत. संडास बाहेर, पण दोन घरांत एक. अजून काय पाहिजे तुला?

भाचा : कागद पाहिजेत.

आत्या : नोटरी करून देतोय ना तो. लाइट बिल तुझ्या नावावर होईल, घरपट्टी तुझ्या नावावर होईल.

भाचा : घरपट्टी भरली म्हणजे मालक झालो असं नसतं, आत्या. महापालिका अनधिकृत बांधकामालाही कर लावते, वर शास्ती लावते. म्हणून ते अधिकृत होतं का? आणि नोटरी काय सांगतो? समोर बसलेल्या माणसाने माझ्यासमोर सही केली, एवढंच. ती जागा त्या माणसाची आहे की नाही, हे तो बघतही नाही. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने सूरज लॅम्पच्या निकालात सांगून टाकलंय की कुलमुखत्यारपत्र, साधा करारनामा, मृत्युपत्र, असले कागद करून स्थावराची मालकी बदलत नाही. त्याला नोंदणी केलेलं खरेदीखत लागतं.

आत्या : सुप्रीम कोर्ट दिल्लीला. मला इथे आजवर कोणी ‘ऊठ’ म्हटलेलं नाही.

भाचा : तुला म्हटलं नाही, कारण तुझी गोष्ट वेगळी आहे. त्यावर मी येतोच.

आत्या : आधी मला सांग, तुझं ते कागदवालं घर आहे कुठे?

भाचा : खोणी. नाहीतर शिरढोण. म्हाडाची घरं आहेत, प्रधानमंत्री आवास योजनेतली.

आत्या : म्हणजे डोंबिवलीच्या पण पुढे.

भाचा : डोंबिवलीला उतरून बस किंवा शेअर रिक्षा. मेट्रो बाराचं काम चालू आहे तिकडे, कल्याण-तळोजा.

आत्या : काम चालू आहे. बरं. तुझी बायको दुकानातून किती वाजता सुटते?

भाचा : नऊ.

आत्या : सणासुदीला?

भाचा : साडेदहा.

आत्या : मग स्टेशन, मग लोकल, मग डोंबिवलीला रिक्षाची रांग. साडेअकराला ती घरी पोचणार, आणि सकाळी नऊला परत डब्यात घुसणार. पोरीला कोण बघणार, म्हाडा?

*

घराच्या चर्चेत बायकांचा प्रवास हा खर्च म्हणून कोणी मांडत नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. हप्ता मांडतात, मुद्रांक शुल्क मांडतात, सोसायटीचा मेंटेनन्ससुद्धा मांडतात. पण लांबच्या घरात राहायला गेल्यावर सहा महिन्यांत बाईने नोकरी सोडली, तर त्या घराची किंमत तिच्या पगाराएवढी दरमहा वाढली, असं कोणत्याही एजंटाच्या कागदावर लिहिलेलं नसतं. इथे आत्या पाळणाघराच्या जागी आहे, फुकट. डबे करता करता ती पोरीला सांभाळते. हे गणित खोणीला लागू होत नाही.

आणि लोकलचं म्हणाल तर, जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या शेजारून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली, काही जण जिवाला मुकले. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्येच सुरू झाली होती. तरी दारात लटकणं थांबलं नव्हतं.

पण भाच्याकडेही उत्तर आहे, आणि तो हिशेबाचा माणूस आहे.

*

भाचा : मी दोन्ही मांडून आणलंय. तुझी बारा लाखांची खोली. बँक नोटरीवर कर्ज देत नाही. म्हणजे बाराच्या बारा लाख रोख. माझे पाच. उरलेले सात पतपेढीतून, दोन जामीनदार देऊन. चौदा टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचे तर महिन्याला सोळा हजार तीनशे.

आत्या : आणि तुझी?

भाचा : समजा बावीस लाखांचं घर. तीस लाखांपर्यंतच्या घराला बँक नव्वद टक्के देऊ शकते. म्हणजे एकोणीस लाख ऐंशी हजार कर्ज. नऊ टक्के, वीस वर्षं. लाखाला नऊशे रुपये धर. सतरा हजार आठशे.

आत्या : म्हणजे हप्ता जवळपास सारखाच!

भाचा : जवळपास.

आत्या : मग माझा पाच वर्षांत संपतो, तुझा वीस वर्षांत. एकूण किती भरणार तू बँकेला?

भाचा : बेचाळीस लाख पंचाहत्तर हजार.

आत्या : अरे देवा. आणि मी?

भाचा : पतपेढीला पावणेदहा लाख. आणि माझे पाच.

आत्या : मग झालं की! कुठे पंधरा, कुठे सत्तेचाळीस!

भाचा : झालं नाही. पाच वर्षांनी ती खोली मी विकायला काढली, तर घेणाऱ्यालाही बँक कर्ज देणार नाही. त्यानेही बारा लाख रोख आणायचे. खोपटात असा माणूस सापडला तर सापडला. आणि उद्या जागामालक आला, म्हणाला मी जागा बिल्डरला दिली, खोल्या खाली करा, तर मी काय दाखवणार? लाइट बिल?

आत्या : आणि तुझे पाच लाख त्या बावीस लाखांच्या घरात कुठे गेले? दहा टक्के म्हणजे दोन लाख वीस हजारच झाले की.

भाचा : तिथेच लोक फसतात. मुद्रांक शुल्क मेट्रोचा अधिभार धरून सात टक्के, म्हणजे एक लाख चोपन्न हजार. नोंदणी एक टक्का, बावीस हजार. एजंट दोन टक्के मागतो, चव्वेचाळीस हजार. जुनं घर असेल तर सोसायटीचा हस्तांतराचा प्रीमियम, तो पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाही. वकील आणि बँकेची फी, अजून वीस-पंचवीस. सगळं मिळून चार लाख नव्वद हजार. माझे पाच लाख संपले. पंखा घ्यायलाही उरत नाहीत.

*

हा आकडा मुद्दाम इथे थांबून पाहण्यासारखा आहे. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिरातींत ‘अकरा हजारांत बुकिंग’ असतं. त्यातले अकरा हजार खरे असतात. पण शुल्क, नोंदणी, दलाली हे पैसे बँकेच्या नव्वद टक्क्यांत धरलेले नसतात, ते वेगळे आणि रोख लागतात. बांधकाम चालू असलेलं घर असेल तर वर जीएसटी. पंचेचाळीस लाखांच्या आतलं आणि साठ चौरस मीटरच्या आतलं असेल तर एक टक्का, नाहीतर पाच. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घराला तो नाही. मग एजंट मार्ग सुचवतो: करारातली किंमत फुगवून लिहू, म्हणजे बँकेचं कर्ज वाढेल आणि तुमच्या खिशातलं वाचेल. वाचत काही नाही. फुगवलेल्या किमतीवर शुल्क जास्त जातं आणि हप्ता वीस वर्षं जास्त जातो. ‘झिरो डाउन पेमेंट’ म्हणतात ते बहुतेक वेळा हेच.

दुसरीकडे, सरकारकडून मिळणारं जे आहे ते मागायला लोक कचरतात. म्हाडाच्या सोडतीत मुंबई महानगर प्रदेशात वर्षाला सहा लाखांपर्यंत उत्पन्न असलेलं कुटुंब अत्यल्प गटात बसतं. नवरा-बायकोचं मिळून. आमचा भाचा बसतो. प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ पासूनच्या कर्जांना लागू आहे. त्यात पस्तीस लाखांपर्यंतच्या घराला, पंचवीस लाखांपर्यंतच्या कर्जाला, पहिल्या आठ लाखांवर चार टक्के व्याज-अनुदान आहे, जास्तीत जास्त एक लाख ऐंशी हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. अट अशी की कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. यात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. गावाकडचं घर वडिलांच्या नावावर असेल तर ते आड येत नाही. कितीतरी कोकणातली माणसं ‘गावाला घर आहे आमचं’ म्हणून अर्जच करत नाहीत.

*

आत्या : तू मला कागद-कागद सांगतोस. मग डोंबिवलीच्या त्या पासष्ट इमारतींचं काय झालं? त्यांच्याकडे कागद नव्हते?

भाचा : (जरा थांबून) होते.

आत्या : रेरा नंबर होता?

भाचा : होता.

आत्या : बँकेचं कर्ज?

भाचा : कितीतरी जणांना मिळालं होतं.

आत्या : मग?

*

मग असं. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बांधकाम परवानग्या बनावट तयार करण्यात आल्या. शिक्के खोटे, सह्या खोट्या. त्या कागदांवर महारेराची नोंदणी मिळवली गेली आणि नोंदणी पाहून लोकांनी घरं घेतली. एका वास्तुविशारदाने प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात नेलं. २०२२ मध्ये गुन्हे दाखल झाले, विशेष तपास पथक नेमलं गेलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. हजारो कुटुंबं रस्त्यावर आली ती आंदोलनासाठी. त्यांच्या हातात नोंदवलेले करारनामे होते, भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या होत्या. म्हणजे आपण ज्याला ‘क्लिअर’ म्हणतो ते सगळं होतं.

मला विचाराल तर या प्रकरणाने आत्याची बाजू जितकी बळकट केली तितकी आणखी कशानेच केली नसेल. नोटरीवर खोली घेणाऱ्याला निदान आपण काय घेतोय हे माहीत असतं. तिथल्या माणसांना माहीतच नव्हतं.

पण भाच्याचं उत्तरही ऐकायला हवं.

*

भाचा : त्यातून मी एवढंच शिकलो की नंबर बघायचा नाही, नंबर कुठून आला ते बघायचं. रेराची साइट बिल्डरने चढवलेले कागद दाखवते. सीसी म्हणजे बांधकामाची परवानगी. तिच्यावरचा क्रमांक आणि तारीख घ्यायची आणि महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन विचारायचं, हा क्रमांक तुमच्या वहीत आहे का. माहिती अधिकाराचा अर्ज करायचा.

आत्या : आणि रेरा नंबरच नसला तर?

भाचा : पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला किंवा आठपर्यंत घरं असलेल्या इमारतीला कायद्याने रेरा नोंदणी लागतच नाही. गल्लीतल्या चार मजल्यांच्या छोट्या इमारती त्यातूनच सुटतात. बिल्डर म्हणतो, ‘आमचं रेरात येत नाही’, आणि ते खरंही असतं. पण सीसी लागते. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, तेही लागतं. तिथे गप्प बसतो तो.

आत्या : आणि एवढं करून हो म्हणाले तर?

भाचा : तर ते घर लांब असतं.

आत्या : (हसते)

भाचा : हसू नकोस. स्वस्त घरात काहीतरी कमी असतंच, एवढं मला कळलंय. कधी रस्ता नसतो, कधी ओसी नसते, कधी पाणी नसतं. काय कमी आहे ते सापडेपर्यंत टोकन द्यायचं नाही. ते लकी कंपाउंड आठवतं ना तुला?

आत्या : शीळफाट्याचं. विसरेन कशी.

भाचा : ४ एप्रिल २०१३. काही महिन्यांत उभी केलेली इमारत. चौऱ्याहत्तर माणसं. तिथे राहणाऱ्यांना स्वस्त वाटलं होतंच की.

*

त्या दुर्घटनेनंतरच ठाण्यात समूह विकासाचा, म्हणजे लोकांच्या भाषेत क्लस्टरचा, रेटा वाढला. किसननगर, हाजुरी, राबोडी ही नावं पहिल्या टप्प्यात आली. किसननगरात सिडकोच्या हाती काम देऊन जून २०२३ मध्ये भूमिपूजन झालं. पण क्लस्टरचा एक परिणाम कोणत्याही आराखड्यात लिहिलेला नाही. जिथे क्लस्टर येणार असं बोललं जातं, तिथल्या खोल्यांचा भाव आधीच चढतो. बारा लाखांतले दोन-तीन लाख हे आज राहायच्या खोलीचे नसतात, उद्या मिळू शकणाऱ्या घराच्या आशेचे असतात. आशा विकणं कायद्याने गुन्हा नाही, त्यामुळे ती सगळ्यात जास्त खपते.

आणि म्हाडाच्या सोडतीत तर दोन टोकं एकाच यादीत दिसतात. मोठ्या शहरांत चार हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरच्या खासगी प्रकल्पात वीस टक्के घरं अत्यल्प आणि अल्प गटासाठी ठेवावी लागतात. ठाण्यातल्या अशा मोजक्या घरांवर अर्जांचा पाऊस पडतो. त्याच कोकण मंडळाची खोणी, शिरढोण, विरार-बोळींजची घरं ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ म्हणून पुन्हा पुन्हा विक्रीला काढावी लागली. माणसं घराची किंमत बघत नाहीत असं नाही. पण सकाळचे दोन आणि रात्रीचे दोन तास कोणी फुकट धरत नाही. सरकारने स्वस्त जमीन मिळते तिथे घरं बांधली, आणि ती जमीन स्वस्त का होती हा प्रश्न घेणाऱ्यांवर सोडला.

*

आत्या : तू म्हणालास, माझी गोष्ट वेगळी. कशी?

भाचा : तुझी पावती आण.

(आत्या कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढते. आत रबरबँड लावलेला पावत्यांचा गठ्ठा. जुन्या पावत्या पिवळ्या पडून घडीवर फाटलेल्या, शाई पुसट. सगळ्यांत वरची गेल्या महिन्याची.)

भाचा : वाच. ‘भाडेकरूचे नाव.’

आत्या : माझंच आहे.

भाचा : पहिली कधीची?

आत्या : ऑगस्ट ९४. तेव्हा मालकाचे वडील होते. पागडी घेतली, त्यातला हिस्सा त्यांनी ठेवला आणि पावती माझ्या नावावर फाडली.

भाचा : म्हणजे तू भाडेकरू आहेस. भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे तुला. मालकाने बिल्डर आणला तरी तुला वगळून पुढे जाता येणार नाही. आता त्या चार दारांपलीकडच्या खोलीची पावती कोणाच्या नावावर आहे, विचारलंस?

आत्या : ... विकणाऱ्याच्या असेल.

भाचा : मी विचारलं. मूळ भाडेकरूच्या नावावर आहे. तो पंधरा वर्षांपूर्वी सावंतवाडीला गेला. त्याने नोटरीवर दुसऱ्याला दिली, दुसऱ्याने तिसऱ्याला. आता तिसरा मला देतोय. मालकाला यातलं काहीच कळवलेलं नाही. कळवलं तर तो आपला हिस्सा मागेल आणि मगच पावती फाडेल.

आत्या : मग माग म्हणावं. देऊ की हिस्सा.

भाचा : तेच म्हणतोय मी. मालक समोर बसून माझ्या नावाची पावती फाडणार असेल तर मी पतपेढीत उद्या जातो. बारा लाख सोड, हिस्सा धरून पंधरा दे म्हणाला तरी विचार करीन. पण विकणारा त्याला तयार नाही. म्हणतो, मालकाला कशाला मध्ये घेता.

*

इथे आत्या गप्प झाली. पुस्तकातल्यासारखं ‘तुझं पटलं’ वगैरे ती म्हणाली नाही. तिने गठ्ठ्याला पुन्हा रबरबँड लावला आणि चहा टाकला.

मला वाटतं, चाळीच्या खोल्यांबद्दल बोलताना आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली ढकलतो. पावती बदलून घेतलेली पागडीची खोली आणि हातोहात फिरलेली नोटरीची खोली बाहेरून सारखीच दिसते. तीच मोरी, तोच पत्रा. झोपडपट्टीतल्या खोलीचं गणित आणखी तिसरं: १ जानेवारी २००० च्या आधीची झोपडी पुनर्वसनात फुकट घराला पात्र, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतची अडीच लाख भरून पात्र, त्यापुढची नाही. तिथे विचारायची गोष्ट पावती नाही, पुरावे कोणत्या सालापासूनचे आणि कोणाच्या नावाचे, ही आहे. एजंट या तिन्हींना ‘रूम’ म्हणतो.

*

सून : (भाच्याची बायको, दारातून आत येत) चहा मलाही. काय ठरलं?

आत्या : तुझ्या नवऱ्याने माझी खोली नापास केली.

सून : मी त्याची खोणी नापास केली होती. फिटंफाट झाली.

भाचा : तिसरं एक आहे. डोंबिवली पूर्व, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं. वन आरके, जुनी इमारत, लिफ्ट नाही, तिसरा मजला. पण सोसायटी नोंदणीकृत आहे, कन्व्हेयन्स झालाय, शेअर सर्टिफिकेट आहे. बावीसला सांगतोय.

आत्या : किती जुनी?

भाचा : चौतीस वर्षं.

आत्या : म्हणजे आता पडायची.

भाचा : तीस वर्षं झाली की स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं. त्यांचा रिपोर्ट मागितलाय. महापालिका धोकादायक इमारतींचे वर्ग पाडते. सी-वन म्हणजे तातडीने रिकामी करायची. ही त्यात नाही, दुरुस्ती सांगितलीय. दुरुस्तीचा खर्च सोसायटी प्रत्येकी किती काढणार, तेही विचारलंय.

सून : आणि बँक? चौतीस वर्षांच्या इमारतीला वीस वर्षांचं कर्ज देते?

भाचा : तीच भीती आहे. कदाचित पंधराच वर्षं देतील. मग हप्ता सतरा हजार आठशे नाही, वीस हजारांवर जातो.

आत्या : पगाराचा अर्धा.

भाचा : अर्ध्याला थोडा कमी. पण पुढेमागे ती इमारत पुनर्विकासाला गेली तर आम्ही मालक म्हणून जाऊ. यादीत नाव लागेल का म्हणून कोणाच्या दारात उभं राहायला लागणार नाही.

सून : पाणी?

भाचा : दिवसातून एकदा. टाकी आहे.

सून : पावसात बघितलंस? २०१९ मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, तेव्हा बदलापूरला तळमजले गेले होते. मी तिकडचे सगळे स्वस्त फ्लॅट तेव्हाच डोक्यातून काढले. कोणी बांधले ते नदीकाठाला!

भाचा : हे तिसऱ्या मजल्यावर आहे.

सून : जिना आणि रस्ता तळमजल्यावरच असतो ना?

आत्या : घ्यायचंच असेल तर हिच्या एकटीच्या नावावर घे. बाईच्या नावावर एक टक्का शुल्क कमी आहे, त्या डबेवाल्या वकिलीणबाई सांगत होत्या.

भाचा : बावीस हजार वाचतात.

आत्या : बावीस हजार वाचतात, आणि शिवाय घर हिचं होतं.

भाचा : कर्ज दोघांच्या नावावर राहील.

आत्या : राहू दे. आणि पोरीचं काय?

सून : तेच अडलंय. डोंबिवलीला पाळणाघर आहे, पण सातला बंद होतं. मी दुकानात बोलले. सकाळची पाळी देतील, दहा ते सहा. पगारातून तीन हजार कमी.

आत्या : म्हणजे एकोणतीस तारखेला रडायचं.

सून : एकोणतीसला आताही रडतोच, आत्या. तुम्हाला सांगत नाही इतकंच.

(थोडा वेळ कोणी बोलत नाही. मुलगी पावत्यांच्या गठ्ठ्याला हात घालते. आत्या तो उचलून वर ठेवते.)

आत्या : बघायला कधी जायचं?

भाचा : एजंट रविवार म्हणतो. दुपारी.

आत्या : रविवारी दुपारी काय कळणार? मंगळवारी जाऊ. सकाळी सहाच्या गाडीने जायचं, घर बघायचं आणि आठच्या गाडीने ठाण्याला परत यायचं. तुम्ही कामावर जाणार तसं. मी पोरीला घेऊन बायकांच्या डब्यात चढते की नाही ते बघू.

भाचा : एवढ्या सकाळी चावी मिळणार नाही म्हणतो तो.

आत्या : नको देऊ दे. घर बाहेरून बघू. गाडी तर आतूनच बघायचीय.